डावीकडचा तबला

चैत्र लागला की विट्याच्या गल्ल्यांत तामिळनाडू, केरळ, पंजाब, आसाम अशा नंबरांच्या गाड्या दिसायला लागतात. वर्षभर कुलपात असलेली दुमजली घरं उघडतात. गॅलऱ्यांत धुतलेल्या चादरी पडतात, टाक्या भरल्याचा आवाज येतो, आणि ओट्यावर खेळणारी पोरं तमिळमध्ये भांडायला लागतात. परमुलखात सोनं-चांदी गाळणारी आमची माणसं यात्रेला गावी आलेली असतात. गलाईचं काम म्हणजे जुन्या दागिन्यांची मोड वितळवायची, तिच्यातलं हिणकस काढून टाकायचं आणि शुद्ध धातू परत द्यायचा. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, मदुराईच्या एका बोळात आयुष्यभर हेच केलं. मी लग्न होऊन साताऱ्याला गेले आणि तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागले. आमची भेट व्हायची ती यात्रेला.

यंदाही यादी करून पिशवी भरली. वहिनींना पेढे, अण्णाला सुती बंड्या, उन्हाची टोपी, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. दरवर्षी हे काम मी भराभर उरकते. यंदा मात्र बंड्यांची घडी हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिले. विट्याच्या घराची तळमजल्यावरची खोली डोळ्यांपुढं येत होती. ती खोली आणि तिच्यातला तो एक चैत्र.

त्या वर्षी अण्णानं मदुराईचं दुकान बंद केलं आणि तो कायमचा गावी आला. सामानाच्या ट्रकमधून भांडी, कपाटं, देव्हारा उतरला आणि सगळ्यात शेवटी रेकॉर्ड प्लेअरचं खोकं आणि गाद्यांत गुंडाळलेले दोन लाकडी स्पीकर उतरले. शाळकरी पोराच्या खांद्याला लागतील एवढे. शेजारचा सर्जेराव, तोही गलाईवाला, यात्रेपुरता आलेला, तो कमरेवर हात ठेवून बघत होता.

"अण्णा, पेट्या लय भारी हायत की. यात्रेला देवळाम्होरं लावू. डॉल्बीचं भाडं वाचंल."

"त्या घरात ऐकायच्या हायत."

"घरात? का, वैनींचा आवाज कमी पडतोय व्हय?"

वहिनी पदर खोचून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझा कमी पडतोय का तुमच्या घरात इचारा. भिंतीला भिंत हाय."

अण्णा हसला नाही. तो गाद्या सोडत होता, आणि एखाद्या आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा सावकाश काढत होता. रात्री जेवताना त्यानं मला सांगितलं. बोळातल्या त्या दुकानात भट्टीला वारा घालणारा पंखा दिवसभर चालू असायचा. त्याची घरघर अशी, की समोरच्या गिऱ्हाईकाशी ओरडून बोलावं लागे. फळीवर एक रेडिओ होता. "सगळी उमर त्या घरघरीतनं गाणं येचलं, शालन. गव्हातनं खडं येचत्यात तसं. आता नुसतं गाणं ऐकायचंय. मधी काय बी नको."

त्याला एवढंच हवं होतं. दुसरं काहीच तो मागत नव्हता.

मला गाण्यातलं काही कळत नाही. साताऱ्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये लिंबाएवढा एक स्पीकर आहे, तो मी पोळ्या करताना लावते. पण काम मांडून देणं मला जमतं, आणि त्या वर्षी मी रजा साठवलेली होती. अण्णा म्हणाला, थांब यात्रा होईपर्यंत. मी थांबले.

सुरुवातीला स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवले होते, कारण वहिनींना ते शोकेसच्या दोन बाजूंना शोभेसे वाटले. वर पितळी समया, प्लास्टिकची फुलं. पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज आला, आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला शोकेसमधल्या काचेच्या बरण्या दात वाजवायला लागल्या. मी समया उतरवल्या, फुलं काढली, शोकेसच वरच्या मजल्यावर पाठवलं. मग स्पीकर भिंतीपासून वीत-वीत पुढं ओढत गेलो. दर वेळी अण्णा खुर्चीत जाऊन बसायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा. अजून पुढं. एका जागी आल्यावर घागर फुटल्यासारखा आवाज मोकळा झाला. मलासुद्धा कळलं. अण्णानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. लहानपणी विहिरीत पहिल्यांदा हात सोडून पोहला तेव्हा त्यानं असंच बघितलं होतं.

दोन्ही स्पीकर आणि खुर्ची यांच्यात अंतर सारखं हवं, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. मी सुतळी लावून मापलं. स्पीकरची तोंडं किंचित आत, खुर्चीकडं वळवली. फरशी गुळगुळीत होती, टाळी वाजवली की टाळीमागून टाळी यायची. खाली जाड सतरंजी आली. तरी भिंती बोलत होत्या. मग अण्णा गाडी घेऊन माणदेशात गेला आणि म्हसवडकडच्या एका विणकराकडून काळी घोंगडी घेऊन आला. नव्या लोकरीचा, मेंढराचा वास घरभर भरला. भर चैत्रात भिंतींवर घोंगडी चढलेली बघून वहिनी म्हणाल्या, "भिंतीस्नी हिवताप आलाय जनू."

घोंगडी कुठं लावायची याचीही एक रीत होती. अण्णा खुर्चीत बसायचा, वहिनी हातात आरसा धरून भिंतीच्या कडेनं सरकायच्या. आरशात जिथं अण्णाला स्पीकर दिसेल तिथं आवाज आपटून परत येतो, म्हणून तिथं घोंगडी. "थांब. मागं. जरा मागं." वहिनींचे हात भरून आले. "लग्नात बी मला कुनी एवढा येळ आरसा दावला न्हाई," त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाला, "तवा बघन्यासारखं हुतं, म्हणून आरसा लागला न्हाई." वहिनी आरसा खाली ठेवून आत गेल्या. पण जाताना हसल्या, ते मी बघितलं.

त्या दिवसांचा मला आठवणारा वास म्हणजे सतरंजीचा आणि लोकरीचा. आठवणारा आवाज मात्र गाण्याचा नाही, टाळीचा. खोलीच्या मधोमध उभं राहून अण्णा टाळी वाजवायचा आणि ती कुठं जाते ते ऐकायचा. दर दिवशी ती थोडी थोडी लवकर मरत होती. बाहेर यात्रेची तालीम सुरू झाली होती, हलगी कडाडत होती, पोरं डॉल्बीच्या भिंती रचत होती, आणि आत आम्ही तिघं पिकल्या केसांची माणसं एक टाळी लवकर मारायच्या मागं लागलो होतो.

एवढं झाल्यावर त्यानं ती रेकॉर्ड काढली. सारंगी आणि तबला. उजवीकडून सारंगी यायची, डावीकडून तबला. तबल्याच्या काठावर बोट पडलं की एक टोकदार आवाज निघतो, त्याला चाट म्हणतात, हे मला अण्णानंच सांगितलं. रेकॉर्ड ऐकताना तो पुढं झुकला.

"चाट कुठं हाय?"

"म्हणजे?"

"नुसता डग्गा ऐकू येतोय. चाट कुनीतरी गिळल्यावानी. डावा स्पीकर मेलाय बघ."

मला चाट ऐकू येत होती. पण मी खुर्चीच्या मागं उभी होते, आणि मला गाण्यातलं कळत नाही हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं, मीसुद्धा. तेव्हा मी दोष शोधायला लागले. स्टोअरमध्ये एखादी मोटार चालेनाशी झाली की मी जे करते तेच. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आधी वायर बदलली. मग डावा स्पीकर उजवीकडं नेला, उजवा डावीकडं आणला. त्या जड पेट्या सर्जेराव आणि त्याचा मेव्हणा येऊन हलवून गेले. "हे तर हळदीच्या पोत्यापरीस जड," सर्जेराव म्हणाला, "आनि पोत्याला निदान भाव तरी येतो." स्पीकर बदलले तरी अण्णाचं उत्तर तेच. डावीकडचं मंद, उजवीकडचं ठीक.

म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता. अण्णा म्हणाला, मग खोलीचा.

गलाईच्या धंद्यात शंका मालावर घेतात, कसाच्या दगडावर घेत नाहीत. दगडावर सोन्याची रेघ ओढायची आणि रेघ काय सांगते ते मान्य करायचं, दगडाला उलट विचारायचं नाही. अण्णानं आयुष्यभर तसंच केलं होतं. समोर आलेल्या वस्तूत हिणकस असणार, आणि ते काढत राहिलं की शुद्ध तेवढं उरणार, ही त्याची रीत. तो खोलीतून एकेक गोष्ट काढत गेला. शोकेस काढलं होतं, आता पंखा काढला. गणपतीची काचेची तसबीर काढली. मग त्याची नजर डाव्या भिंतीतल्या खिडकीवर गेली.

ती खिडकी गल्लीकडं उघडायची. तिच्या कट्ट्यावर वहिनी बसायच्या, मांडीवर सूप घेऊन. मदुराईत त्यांचं आयुष्य दुकानाच्या वरच्या एका खोलीत गेलं. तिथं त्यांच्या बोलीत बोलायला कुणी नव्हतं. गावी आल्यापासून त्या खिडकीतून गल्लीशी बोलत होत्या. कुणाची सून आली, कोणाची म्हैस व्याली, भाजीवाली कुठवर आली. इतक्या वर्षांचं बोलणं तुंबून राहिलं होतं, ते वाहत होतं.

"आवाज तिथनं पळतोय," अण्णा म्हणाला.

मी म्हणाले, "अण्णा, आधी खिडकीवर घोंगडं टाकून बघू."

"टाकून बघितलं. न्हाई भागत. बुजवायलाच पायजे."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. गव्हाकडंच बघत म्हणाल्या, "बुजवा. मी दारात बसंन."

गवंडी आला. विटा चढत गेल्या तसा खोलीतला उजेड वरच्या बाजूला सरकत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. दिवसा दिवा लावायची वेळ आली. ओल्या सिमेंटचा वास लोकरीच्या वासात मिसळला. गिलावा वाळेपर्यंत अण्णा थांबला नाही. त्यानं रेकॉर्ड लावली आणि खुर्चीत बसून ऐकली. मग म्हणाला, "न्हाई."

वायर झाली, स्पीकर झाले, भिंती झाल्या, खिडकी झाली. बदलायची अशी एकच गोष्ट उरली होती. मी ती मुद्दाम शोधली नव्हती. बाकीची सगळी संपली म्हणून ती समोर आली.

"अण्णा, खुर्ची फिरवून बस."

"स्पीकराला पाठ करून? तसं कोन ऐकतं का, शाले?"

"बस तर."

तो कुरकुरत उठला, खुर्ची फिरवली आणि दाराकडं तोंड करून बसला. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. तबला सुरू झाला आणि त्याचा चेहरा उजळला. "आली. चाट आली बघ. कशी टनटन येती. मी म्हणत न्हवतो..." त्यानं हात वर केला, बोटानं ताल धरला. मग बोट हवेत थांबलं. त्यानं मान थोडी वळवली, परत सरळ केली.

"सारंगी कुठं गेली?"

सारंगी माझ्या कानांत भरून वाजत होती. आता ती त्याच्या डाव्या अंगाला आली होती. त्यानं डाव्या कानावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. त्यानं काहीच फरक पडला नसावा. रेकॉर्ड चालूच राहिली.

वहिनी चहा घेऊन आल्या. स्पीकरकडं पाठ करून बसलेला नवरा बघून म्हणाल्या, "रुसलाय व्हय त्यांच्यावर?" आम्ही दोघंही हसलो नाही, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवले आणि त्या तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जिथं खिडकी होती तिथं.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. डाव्या कानाचं गेलेलं ऐकणं परत येणार नाही, म्हणाले, आणि उजवाही हळूहळू उतरेल. मग विचारलं, "कामाला उभं राहताना मशीन कुठल्या बाजूला असायचं?"

अण्णानं डावा हात वर केला.

परतताना तासगावच्या पुढं बेदाण्याच्या शेड दिसत होत्या, हिरव्या जाळीखाली थरावर थर द्राक्षं वाळत घातलेली. गाडी मी चालवत होते. बाहेर बघत अण्णा म्हणाला, "रेडिओ उजव्या हाताला हुता. गानं लागलं की मी तिकडं कान करायचो. मग डावा पंख्याकडं व्हायचाच की." थोड्या वेळानं म्हणाला, "रेडिओ दुसऱ्या फळीवर ठेवला असता तर उजवा गेला असता. एवढाच फरक."

त्या रात्री यात्रेचा छबिना निघाला. डॉल्बीनं दारं थरथरत होती, पाण्याच्या पिंपात गोल गोल लाटा उठत होत्या. आम्ही त्या खोलीत बसलो होतो. घोंगड्यांमुळं, बुजलेल्या खिडकीमुळं तिथं बाहेरचं फार थोडं पोचत होतं. विट्यातली त्या रात्रीची सगळ्यात शांत जागा आम्ही तयार केली होती. मी माझ्या सवयीप्रमाणं उपाय सुचवला. दोन्ही बाजूंचं गाणं एकाच स्पीकरमधून काढता येतं, तो उजवीकडं ठेवू. अण्णा म्हणाला, "मग रेडिओच बरा की गं." काही कामं मांडून देता येत नाहीत, हे मला फार उशिरा शिकायला मिळालं, आणि शिकूनही सवय जात नाही.

त्यानंतर साताऱ्यात मला एक चाळा लागला आहे. सकाळी आरशासमोर उभं राहून दोन्ही कानांजवळ चुटकी वाजवून बघते. डावा, उजवा. कारखान्यात मी सगळ्यांना कानांत बोळे घालायला लावते, न घालणाऱ्याला आत सोडत नाही. लोक मला मागून काय म्हणतात ते ऐकू येतं. येऊ दे. ऐकणं बारीक, टोकदार आवाजांकडून झिजत येतं, हे मी त्या कागदावर बघितलं आहे. पक्ष्यांची चिवचिव, बांगड्यांची किणकिण, भाषेतले स आणि श, तबल्याची चाट. जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. डग्गा राहतो, डॉल्बी राहतो, ट्रक राहतो. ज्याच्यासाठी ऐकायचं ते आधी जातं, आणि ज्याच्यापासून लांब पळायचं ते सोबतीला उरतं. याचा राग कोणावर करावा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा मी पोचले तेव्हा वहिनी दारात बसल्या होत्या. पेढ्यांची पिशवी घेताना हळू आवाजात म्हणाल्या, "हळू बोलायचं कारन न्हाई, तरी सवय." अण्णाच्या उजव्या कानात आता मशीन आहे. त्यानं माणसांचं बोलणं कळतं, पण गाणं पत्र्यावर खडे टाकल्यासारखं लागतं, म्हणून तो खोलीत जाताना ते काढून ठेवतो. आणि अलीकडं तो खोलीत फारसा जातही नाही.

संध्याकाळी जेवण झाल्यावर वहिनींनी विषय काढला. मोठ्यानं, मशीनला ऐकू जाईल असं. "आवं, खिडकी उघडायची का आता? दारात ऊन लय येतं. आनि म्हातारपनी उंबऱ्यात बसलेली बाई बरी दिसत न्हाई."

अण्णा पानात बोट फिरवत राहिला. सर्जेराव यात्रेचं आवतण द्यायला आला होता. तो म्हणाला, "उघडा की. तेवढीच हवा. आनि त्या पेट्या मला द्या, मी चांगलं गिऱ्हाईक बघतो." वहिनींनी त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो आपणहून म्हणाला, "न्हाई, आपलं म्हटलं."

"खिडकी उघडली की खोली मोडली," अण्णा म्हणाला. "मोडायला ना न्हाई. पर ती बरूबर झाली हुती का न्हाई, तेच मला कवा कळलं न्हाई." मग माझ्याकडं वळला. "शालन, तू बस जरा खुर्चीत."

मी त्या खुर्चीत आजवर कधीच बसले नव्हते. तिच्यावर माप धरायला वाकले होते, तिच्यामागं उभी राहिले होते. बसले तेव्हा कळलं की तिथून दोन्ही स्पीकर नेमके सारखे लांब दिसतात. अण्णानं कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, तीच रेकॉर्ड लावली आणि समोर, दोन स्पीकरच्या मधे, जमिनीवर बसला. तो स्पीकरकडं बघत नव्हता. माझ्या चेहऱ्याकडं बघत होता.

सारंगी सुरू झाली. ती स्पीकरमधून येत नव्हती, हे मला पहिल्यांदा कळलं. ती उजव्या अंगाला, हवेत, कुणी बसलेलं असावं तिथून येत होती. मग तबला. मी नकळत मान वळवली. तिथं भिंत होती, घोंगडं होतं, आणि त्यांच्या अलीकडं कुणीतरी बसून वाजवत होतं. बोट काठावर पडायचं आणि सुटायचं ते वेगळं वेगळं ऐकू येत होतं. मधे काहीही नव्हतं.

"कुठं हाय तबला?" अण्णानं विचारलं. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

मी हातानं दाखवलं. डावीकडं, भिंतीच्या जरा अलीकडं, बसलेल्या माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर.

"आनि चाट? सुटी येती?"

मी मान हलवली. येती.

तो बघत राहिला. मला वाटलं, अजून काही विचारेल. मला जमेल तसं मी सगळं सांगणार होते. पण त्यानं फक्त एकदा मान डोलावली. वस्तू तपासून गिऱ्हाइकाच्या हातात परत देताना डोलवायचा तशी. "मग बरूबर हाय खोली," तो म्हणाला. "सर्जेरावाला म्हणावं, सकाळी गवंड्याला धाड."

रेकॉर्ड अजून संपली नव्हती. तो गुडघ्यावर हात देऊन उठला, बटण बंद केलं, आणि आवाज थांबला की नाही ते बघायला डाव्या पेटीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.